केळीच्या पाल्याखालचे गोळी होणारे किडे: दाणेदार कीटकनाशक टाकायच्या आधी हे वाचा

भाऊ, तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. यावल तालुक्यात काळ्या जमिनीत तुमची केळी आहे, मागच्या बागेची खोडं आणि पाला बांधावर न फेकता तुम्ही ओळीतच पसरवलाय, आता ठिबकच्या नळीखाली आणि त्या पाल्याखाली राखाडी रंगाचे, हात लावला की गोळी होणारे किडे शेकड्यानं निघतायत. टिश्यू कल्चरची काही रोपं मेली, उपटून बघितलं तर बुडाशी हेच. दुकानदार म्हणतो मुळं खाणारी कीड आहे, दाणेदार टाका. गांडूळखताच्या बेडमध्ये पण तेच, न्हाणीत पण तेच, आणि तुमचा पोरगा दिवसभर त्यांच्या गोळ्या करून खेळतो म्हणून घरी आरडाओरडा.

आधी उत्तर देतो मग कारणं. दाणेदार टाकू नका. रोपं यांनी मारलेली नसणार, रोपं आधी सडली आणि मग हे जेवायला आले. मी गांडूळखत आणि केळीच्या काडीकचऱ्याचं कुजवणं याच कामात पूर्वीपासून आहे, रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात फिरणं असतं, आणि मृगबागेची, म्हणजे जून-जुलैची लागवड झाली की हा फोन येतोच येतो. दुकानदारानं जर फोरेट नावाचं दाणेदार दिलं असेल तर ते तसंच परत करा, त्याच्यावर आपल्या देशात 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे, जुना माल कुठंतरी पडलेला असतो आणि गिऱ्हाईक घाबरलेलं दिसलं की निघतो बाहेर.

आता हा प्राणी काय आहे ते नीट बघू, कारण एकदा त्याची अडचण कळली की त्याचं काय करायचं ते आपोआप कळतं. पहिली गोष्ट, हा कीटक नाहीच. एक उलटा करा आणि पाय मोजा, पोरालाच मोजायला लावा. कीटकाला पायांच्या तीन जोड्या, याला सात. हा खेकडा-झिंग्याच्या भाऊबंदकीतला आहे, त्यातला आयसोपोडा नावाचा गट, आणि त्या गटातले जे समुद्र सोडून कायमचे जमिनीवर राहायला आले त्यांच्या जगात साडेतीन हजाराच्या वर जाती नोंदलेल्या आहेत. मधली पायरी बघायची असेल तर कोकणात गेल्यावर भरतीच्या रेषेच्या जरा वर काळ्या कातळावर बघा, माणसाची चाहूल लागली की फटीत सुसाट पळणारे चपटे प्राणी दिसतील, ते लिजिया, ना धड समुद्रातले ना धड जमिनीवरचे. आणि जे खोल समुद्रातच राहिले त्यातला बॅथिनोमस नावाचा तर फूटभराच्या वर वाढतो. तुमच्या नळीखालचा मात्र एक-दीड सेंटिमीटरच्या आसपास, खानदेशात येऊन राहिलेला समुद्राचा नातेवाईक म्हणा.

तुमच्या पाल्याखाली बहुतेक एकच जात नसणार, नीट बघा. एक पूर्ण गोल बंद होणारा, पाठ गुळगुळीत आणि घुमटी. दुसरा जरा चपटा, मागं दोन टोकं बाहेर आलेली, हा गोळी करत नाही, पळतो. तिसरा शेणाच्या ढिगात जास्त, अंगावर निळसर राखेसारखी पावडर, हात लावला की पुसली जाते आणि हा पण पळतोच. तिघंही याच आयसोपोडा गटातले, कामही तिघांचं एकच. यात वाणी मिसळू नका, म्हणजे मिलीपीड, ज्याला पोरं पैसा म्हणतात. वाणी लांब असतो आणि चकतीसारखा गुंडाळतो, त्याला बहुतेक प्रत्येक वळीला पायांच्या दोन-दोन जोड्या. कोकणात आणि घाटात एक वाणी असाही आहे की तो सुद्धा गच्च गोल होतो, मोठ्या सुपारीएवढा, पण तो घाटातल्या जंगलाचा रहिवासी. हा फरक महत्त्वाचा एवढ्यासाठी की कापूस-सोयाबीनची कोवळी रोपं खाणारा वाणी खरंच कीड आहे आणि त्याच्या नावावरची शिव्या-औषधं या बिचाऱ्या गोळीवाल्याला मिळतात.

याची खरी अडचण श्वास. समुद्र सोडला पण कल्ल्यांची सवय सुटली नाही. उलटा केल्यावर पोटाखाली शेपटाकडच्या बाजूला पातळ झडपा दिसतात, गोळी होणाऱ्यांमध्ये त्यातल्या काही जोड्यांवर पांढरे ठिपके असतात, नुसत्या डोळ्यांनी दिसतात, ती याची फुप्फुसं. ती ओलसर राहिली तरच हवा आत जाते. त्यात कीटकाच्या अंगावर जो मेणाचा पाणी अडवणारा थर असतो तो याच्याकडं नाही म्हणण्यासारखाच, त्यामुळं कोरड्या हवेत अंगातलं पाणी भराभरा उडतं. आता आपल्याकडं मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो तिथं हा उघड्यावर टिकूच शकत नाही, काही वेळातच वाळून जातो. म्हणून तो पारोळा-अमळनेरकडच्या कोरडवाहू कापसात क्वचित दिसतो, दिसला तर बांधावरच्या मोठ्या दगडाखाली, आणि केळीत मात्र वर्षभर, कारण ठिबक, सावली आणि पाला मिळून तुम्हीच त्याच्यासाठी उन्हाळाभर पावसाळा करून ठेवलाय. उन्हाळ्यात माती भेगाळली की भेगेतून खाली, कंदाच्या आसपासच्या गारव्यात जातो, आणि नेमका त्याच वेळेस कुणीतरी कंद उकरतो आणि म्हणतो बघा मुळं खातोय.

1937 साली गन नावाच्या संशोधकानं यांच्यावर प्रयोग केले होते, साधेच पण मजेशीर. कोरड्या हवेत हे जास्त वेळ चालत राहतात, ओल्या हवेत थांबून राहतात. म्हणजे ओलावा कुठं आहे हे याला लांबून कळायची गरजच नाही, कोरडं लागलं की चालत सुटायचं, बरं वाटलं की थांबायचं, आणि अशानं सगळे आपोआप एकाच ओल्या जागी जमा होतात. जमा झाल्यावर एकमेकांना चिकटून राहिले की प्रत्येकाचं पाणी कमी उडतं, त्यांच्या अंगाचा वास पण एकमेकांना धरून ठेवतो. तुम्हाला एका ठिकाणी शेकडो दिसले म्हणजे एकरात तेवढीच गर्दी आहे असं नाही, तुमच्या शेतातली सगळ्यात ओली जागा तुम्ही उचकली एवढाच त्याचा अर्थ. बऱ्याचदा तिथला ड्रिपर गळत असतो, नळी उचलून बघाच.

उलटंही तितकंच खरं, फार पाणी झालं की हा गुदमरतो. जोरदार पाऊस होऊन वाफा भरला की सगळे खोडावर, नळीवर, भिंतीवर चढतात. केळीच्या खोडावर चढलेले बघून लोकं घाबरतात की आता घड खाणार, अरे भो तो जीव वाचवायला चढलाय, पाणी ओसरलं की उतरेल.

गोळी होण्याची गंमत पण दोन कामांची आहे. शत्रूपासून पोट झाकलं जातं हे तर सगळ्यांना माहीत, पण त्या पांढऱ्या ठिपक्यांचा ओलावा आतमध्येच कोंडून राहतो हा दुसरा फायदा. पाणी वाचवायच्या याच्या बाकीच्या युक्त्या तर ऐकण्यासारख्या. हा मुतत नाही, अंगातला नको असलेला नत्र अमोनिया वायूच्या रूपात हवेत सोडून देतो, तेवढंच पाणी वाचलं. पाणी पितो तोंडानं आणि मागच्या बाजूनं पण, शेपटाजवळचे दोन अवयव ओल्या पृष्ठभागाला टेकवले की त्यातून पाणी वर चढतं. रक्तात लोखंडाच्या ऐवजी तांबं, त्यामुळं हवा लागली की निळसर, खेकड्यासारखंच.

अर्धा पांढरा अर्धा राखाडी किडा दिसला तर त्याला रोग झालेला नसतो, तो कात टाकतोय. बाकीचे प्राणी कात एकदम टाकतात, हा आधी मागचा अर्धा भाग सोडवतो आणि एक-दोन दिवसांनी, कधी जास्त वेळानं, पुढचा. कात टाकायच्या आधी जुन्या कवचातला चुना काढून छातीखाली पांढऱ्या पट्ट्यांत साठवून ठेवतो आणि नवं कवच घट्ट करायला तो वापरतो, आणि वरून टाकलेली कात सुद्धा खाऊन टाकतो, चुना वाया घालवायचा नाही. तापी खोऱ्यातल्या आपल्या बऱ्याच काळ्या जमिनी चुनखडीच्या, तेव्हा याला त्या मानवतात यात नवल नाही.

पिलांचं सांगायचं तर हा अंडी मातीत घालत नाही. मादीच्या पोटाखाली पायांच्या मधे पाण्यानं भरलेली एक पिशवी तयार होते, अंडी त्यात, पिलं पण त्यातच फुटतात, म्हणजे समुद्र सोडला पण पिलांपुरतं एक डबकं स्वतःबरोबर घेऊन फिरतो. आर्माडिलिडियम वल्गारे म्हणून जी युरोपातली जात आहे तिच्यावर सगळ्यात जास्त अभ्यास झालाय आणि ती माणसाबरोबर जगभर पसरलीय, तिच्या एका मादीच्या पिशवीत काही डझनापासून शंभराच्या वरपर्यंत अंडी असतात, आणि हवेच्या उष्णतेप्रमाणे साधारण महिना-दोन महिन्यांत पिलं बाहेर पडतात. बाहेर येताना पिल्लू पांढरट आणि पाय सहाच जोड्या, सातवी जोडी नंतर कात टाकताना येते. हा प्राणी जगतो दोन-तीन वर्षं, कधी जास्त. हे मुद्दाम सांगतोय, कारण मावा किंवा तुडतुडे जसे पंधरवड्यात पटीनं वाढतात तसा हा वाढत नाही. तुमच्याकडं आज जी गर्दी दिसतेय ती एका पावसातली नाही, पाला टाकायला लागल्यापासून हळूहळू जमलेली आहे, त्यामुळं उद्या सकाळपर्यंत बाग फस्त होईल अशी भीती बाळगायचं कारण नाही.

जाता जाता एक, याच आर्माडिलिडियम वल्गारे जातीत वोल्बाकिया नावाचा जिवाणू असतो, तो आईकडून पिलांत जातो, आणि ज्या पिलाचा नर व्हायचा त्याची तो मादी करून टाकतो, खरीखुरी अंडी घालणारी मादी. कारण जिवाणूला पुढं जायला अंडंच पाहिजे, नर त्याच्या काही कामाचा नाही. फ्रान्समध्ये यावर पुष्कळ काम झालंय. शेतीला याचा उपयोग शून्य पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आता मुख्य मुद्दा, खातो काय. याला आवडतं ते कुजायला लागलेलं. आजच कापलेलं हिरवं केळीचं पान आणि महिनाभर ओलीत पडून बुरशी धरलेलं पान दोन्ही समोर ठेवा, तो दुसऱ्याकडं जातो, कारण बुरशी आणि जिवाणूंनी ते पान आधीच मऊ केलेलं असतं आणि त्या बुरशीचं पण पोषण मिळतं. खाल्लेल्यातलं थोडंच अंगी लागतं, बाकी बारीक चौकोनी लेंड्या होऊन बाहेर, आणि त्या लेंड्यांवर परत जिवाणू वाढले की तो त्या लेंड्या पण खातो. घाण वाटेल पण त्यात हिशेब आहे, रक्तासाठी लागणारं तांबं आणि पोषण असं दुसऱ्या फेरीत वसूल होतं. शेतकऱ्याच्या बाजूनं बघितलं तर एक रुंद चिवट पान भुगा होऊन जमिनीत मिसळलं, बुरशीला आणि जिवाणूला काम करायला सोपं झालं. पण उगाच याची आरती पण ओवाळू नका, खरं कुजवणं जिवाणू आणि बुरशीच करतात, हा नुसता कुट्टी मशीन आहे. परदेशात लोकं याच्या रंगीत जाती छंद म्हणून डब्यात पाळतात, थायलंडच्या चुनखडीच्या डोंगरातली रबर डकी म्हणून एक आहे तिला तर वेड्यासारखे पैसे मोजतात, आणि ते बघून आपल्याकडं पण कुणी खत लवकर होतं म्हणून विकायला आला तर घेऊ नका, उकिरड्यात फुकट आहेत.

मग तुमची रोपं कशानं मेली? तुम्ही वर्णन केलंय त्यावरून माझा पहिला संशय कंदकुजीवर, म्हणजे एर्विनिया या जिवाणूनं कंद सडण्यावर. जून-जुलैची लागवड, आधीचं तापलेलं रान, त्यात पाणी जास्त, हिला असंच वातावरण लागतं. ओळखायची खूण सोपी आहे, मलूल झालेलं रोप हलक्या हातानं वर ओढा, गळ्यापाशी तुटून वरचा भाग हातात येतो आणि कंद जमिनीतच राहतो. कंद उकरून कापा, आत तपकिरी सड आणि उग्र घाण वास. तसं असेल तर विषय संपला, सडलेल्या कंदाच्या वासावर हे जमले. मुळांवर गाठी किंवा काळे डाग दिसले तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांतले डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत, बघा. मुळं नुसती काळी पडून त्यांची साल निसटत असेल आणि माती चिखल असेल तर पाणीच जास्त झालंय, टिश्यूच्या लहान रोपाला बरेच लोक मोठ्या झाडाएवढं पाणी देतात.

खात्री करायची तर रात्री नऊ-दहानंतर बॅटरी घेऊन बागेत जा, हा रात्रीच फिरतो. मेलेल्या नाही, हिरव्यागार चांगल्या रोपाच्या बुडाशी बघा. तिथं हे साल कुरतडताना दिसले तर मला सांगा, मी माझं मत बदलतो. आणि घरी एक डबा करा, तळाला ओली माती, एका बाजूला केळीची ताजी पांढरी मुळं, दुसऱ्या बाजूला कुजका पाला, त्यात वीस-पंचवीस किडे सोडून हवा जाईल असं झाका, चार-पाच दिवसांनी कशाचं काय झालं ते तुमचं तुम्हालाच दिसेल. दुकानदाराला पण तोच डबा दाखवा.

पण हा अगदीच साधू आहे असं मी म्हणणार नाही. कोवळी, नुकती उगवलेली रोपं जमिनीलगत कुरतडायची सवय याला आहेच, विशेषतः गर्दी खूप आणि कुजका माल संपत आला की. अर्जेंटिनात बिननांगरणीच्या सोयाबीनमध्ये, जिथं आधीच्या पिकाचा काडीकचरा वर्षानुवर्षं रानातच पडून राहतो, तिथं आर्माडिलिडियम वल्गारेनं उगवणीचं चांगलंच नुकसान केलंय, तिथं ती मान्य झालेली कीड आहे. आपल्याकडं नांगरट-वखरणी होते, उन्हाळ्यात रान तापतं, त्यामुळं तेवढं होत नाही, पण आता पाला न जाळता जमिनीवर ठेवायचं प्रमाण वाढतंय, ठिबक सगळीकडं, मल्चिंग पेपर सगळीकडं, तर याच्याकडं लक्ष ठेवायला पाहिजे. मी नुकसान बघितलंय ते काकडी, वाल, घेवडा असल्या भाज्यांच्या रोपात, आणि टरबुजाच्या फळाला खालच्या बाजूनं, तेही जिथं फळ ओल्या मातीला टेकून आधीच चीर पडली होती तिथं. केळीच्या कडक झालेल्या बुंध्याला याच्या तोंडानं काही होत नाही.

कोवळ्या पिकात काय करायचं तर औषध शेवटी, आधी ओलावा हलवा. रोपाच्या बुडापासून वीतभर जागा पाल्यापासून मोकळी ठेवा, खोड कडक होईपर्यंत, मग पाला सरकवा जवळ. पाणी संध्याकाळी देत असाल तर सकाळी द्या, म्हणजे रात्री याची फिरायची वेळ होईपर्यंत वरची माती सुकलेली असते. याच एका बदलानं बऱ्याच ठिकाणी तक्रार बंद होते. तरी गर्दी वाटली तर ओली गोणपाटं आणि त्याखाली बटाट्याचे अर्धे तुकडे किंवा टरबुजाची साल रात्री ठेवा, सकाळी ऊन व्हायच्या आत उचला, किडे झटकून कोंबड्यांना टाका नाहीतर सरळ खताच्या खड्ड्यात. कीटकनाशकानं हे मरतात का, मरतात, पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांनी तर नक्कीच मरतात, पण त्याच्याबरोबर त्या पाल्याखालचे कोळी, गोमा, भुंगेरे, जे दुसऱ्या किडींना खातात, ते पण जातात, आणि पाला-ओलावा तसाच असल्यामुळं याची जागा दुसरं कुणीतरी घेतं.

गांडूळखताच्या बेडमध्ये यांना बिनधास्त राहू द्या. जिवंत गांडुळाला हे काही करत नाहीत, मेलेलं असेल तर खातील. बेडच्या वरच्या थरात खूप झाले म्हणजे वर अजून जाड, न कुजलेला माल आहे असं समजा, म्हणजे खत काढायची घाई करू नका. खत चाळताना चाळणीवर राहतात, ते परत नव्या बेडमध्ये टाका. एकच काळजी, त्या खतात लगेच मिरची-टमाट्याची नर्सरी करायची असेल तर खत चाळून जरा सावलीत पसरून ठेवा, वरचा थर सुकला की हे आपणच निघून जातात.

न्हाणीतलं काही नाही, कुठंतरी पाईप पाझरतोय नाहीतर बाहेर भिंतीला लागून कचरा-विटा ओल्या पडल्यात. भिंतीपासून ढीग हलवा, गळती बंद करा. कोरड्या फरशीवर आलेला हा किडा एक-दोन दिवसांत आपोआप वाळून मरतो, झाडून टाकायचा. चावत नाही, डंख नाही, रक्त पीत नाही, धान्यात होत नाही. पोराला खेळू द्या, हात धुवायला लावा, तोंडात घालू देऊ नका, बस.

उलट त्याला एक खेळ शिकवा. पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या चिकटवून एक अरुंद गल्ली करा, त्यात एक वळण असं ठेवा की किड्याला उजवीकडंच वळावं लागेल, आणि थोडं पुढं गेल्यावर दोन्ही बाजू मोकळ्या ठेवा. बहुतेक वेळा तो डावीकडं वळतो. जबरदस्तीनं डावीकडं वळवला तर पुढं उजवीकडं. सरळ रेषेच्या आसपास राहून लवकर लांब जायची ही त्याची पद्धत, शास्त्रज्ञांनी पण असेच चक्रव्यूह करून तपासलेली आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला फुकटात काम होईल.

कधी एखादा झगझगीत निळा-जांभळा सापडला तर तो नवी जात म्हणून कुणाला विकायला जाऊ नका, त्याला इरिडोव्हायरस झालेला असतो, त्या विषाणूच्या कणांची अंगात रचना अशी बसते की निळा रंग दिसतो, आणि तो लवकरच मरतो. माणसाला, गांडुळाला त्याचं काही नाही. आणि दिवसाढवळ्या उघड्यावर बिनधास्त फिरणारा एखादा असेल तर तो पण बहुधा धड नसतो. अमेरिकेत जॅनिस मूर या संशोधिकेनं 1983 मध्ये दाखवलं होतं की एका काटेरी डोक्याच्या जंताची लागण झालेले हे किडे उजेडात आणि कोरड्यात यायला लागतात, म्हणजे पक्ष्याला सहज दिसतात, पक्षी खातो आणि जंताला पाहिजे तो पुढचा मुक्काम मिळतो. आपल्याकडं कोंबड्या, साळुंक्या, बेडूक, पाली, गोमा सगळे यांना खातात, तेव्हा बागेत बेडूक असू द्या.

शेवटचा मुद्दा कंदकुजीसाठी तुम्ही कॉपर ऑक्सिक्लोराईडची, म्हणजे तांब्याच्या औषधाची, आळवणी कराल (बुडाशी द्रावण ओताल) त्यावरून. तांबं, जस्त, शिसं, कॅडमियम असले धातू हा प्राणी पोटातल्या एका ग्रंथीत साठवत जातो. इंग्लंडात एव्हनमथच्या जस्त-शिशाच्या भट्टीभोवतीची जमीन किती बिघडलीय हे बघायला याच्याच अंगातले धातू मोजले गेलेत. तुम्हाला मोजायची गरज नाही, पण आळवणी मेलेल्या आणि त्याच्या शेजारच्या झाडांपुरती, शिफारशीच्या मात्रेत करा, सगळ्या बागेत बादल्या ओतत बसू नका, कारण तांबं जमिनीतून कुठं जात नाही, ते साचत राहतं.

तर उद्या सकाळी आधी मलूल रोपं ओढून बघा, कंद कापून वास घ्या, सडलेले कंद मातीसकट बाहेर काढून लांब पुरा, खड्डा दोन दिवस उघडा ठेवा. कापलेला कंद आणि थोडी मुळं पिशवीत घालून पालच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा जळगावच्या केळी संशोधन केंद्रात दाखवून घ्या, फोटोवरून कुणीच नक्की सांगू शकत नाही, मी पण नाही. गळके ड्रिपर बदला, पाणी सकाळवर आणा. आणि रात्री एक-दोन गोणपाटं टाकून सकाळी खाली काय निघालं ते कळवा, गोळीवाले निघाले तर झोपा निवांत, पण लांबडे वाणी जास्त निघाले आणि शेजारच्या वावरात कापूस उगवत असेल तर त्या शेजाऱ्याला आजच सांगा.